पहिले वेत : तरुण डुकरिणीचे वय आणि आहार यांचा इतिहास

कोणत्याही धंद्याचा इतिहास पाहू गेल्यास त्यात काही प्रश्न असे आढळतात की, राज्ये बदलली, भाषा बदलल्या, अवजारे बदलली, तरी ते त्या धंद्याची पाठ सोडीत नाहीत. वराहपालनाच्या धंद्यातील असा प्रश्न म्हणजे, तरुण मादी प्रथम कोणत्या वयात फळवावी, आणि त्याच्या आगेमागे तिला काय व किती खाऊ घालावे, हा होय. ज्याच्या दारी एकच डुकरीण आहे त्यालाही हा प्रश्न पडतो आणि ज्याच्या वाड्यात पाचशे आहेत त्यालाही पडतो. फरक इतकाच की, पाचशेंच्या धन्याचे दहा अंदाज चुकले तरी त्याचे चालते. एका डुकरिणीच्या धन्याचा एकच अंदाज चुकला तर त्याच्या घरातील वर्षाची मिळकत बुडते.

आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय केला आहे, व काही आजही तो करीत आहेत. शिकलेल्या तरुणांस त्याचा उच्चार करण्यास संकोच वाटतो, हेही आम्ही जाणून आहो. म्हणून प्रस्तुत लेखात दोन गोष्टी साधण्याचा आमचा विचार आहे. ह्या विषयाचा विचार जगातील थोर पंडितांनी किती आस्थेने केला आहे ते वाचकांपुढे ठेवावे, ही पहिली. आणि त्या इतिहासातून आजच्या संसाराला उपयोगी पडेल असा बोध काढावा, ही दुसरी.

ग्रीकांचे निरीक्षण

होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात राजा ओडिसियसचा वराहपाल युमियस ह्याचे वर्णन आहे. त्याच्या वाड्यात बारा गोठे असून प्रत्येकात पन्नास माद्या ठेवलेल्या असत; नर मात्र बाहेर राहत व त्यांची संख्या तीनशे साठ होती. विणीच्या माद्या निराळ्या ठेवाव्यात व नरांचा मोकळा संचार त्यांच्यात होऊ देऊ नये, ही दक्षता त्या प्राचीन काळीही होती, असे ह्यावरून दिसते. परका म्हणून दारी आलेल्या धन्याचे पहिले आदरातिथ्य ज्याने केले, तो हाच वराहपाल, हेही विसरता कामा नये.

परंतु वयाविषयीचे स्पष्ट लिखाण पाहावयाचे तर इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात होऊन गेलेल्या अ‍ॅरिस्टॉटलकडे वळले पाहिजे. आपल्या प्राणिविषयक ग्रंथात तो सांगतो की, डुकराचे नर-मादी आठव्या महिन्यात जुगू लागतात, मादी चार महिने गाभण राहते व वर्षाची झाली म्हणजे विते. परंतु एवढे सांगून तो थांबत नाही. वर्षाच्या आतील नराची प्रजा दुबळी निपजते, पहिलटकरणीची पिले अंगाने लहान असतात, आणि जी मादी फार लठ्ठ असते तिला व्याल्यावर दूध कमी येते, अशी निरीक्षणे त्याने नोंदविली आहेत. ह्यांतील शेवटचे वाक्य आजच्या कोणत्याही पशुवैद्याने आपल्या वहीत लिहून ठेवावे इतके खरे आहे. मादी वयात येणे आणि मादी आई होण्यास योग्य होणे, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, ही जाणीव येथे प्रथम लेखी उमटली आहे.

रोमन पंडिताचे वीस महिने

अ‍ॅरिस्टॉटलनंतर सुमारे तीनशे वर्षांनी रोममध्ये मार्कस टेरेन्शियस व्हॅरो हा बहुश्रुत पंडित होऊन गेला. इसवी सनापूर्वी ११६ मध्ये जन्मलेल्या ह्या गृहस्थाने वयाच्या ऐंशीव्या वर्षी शेतीवरील आपला ग्रंथ लिहावयास घेतला. त्याचा दुसरा खंड पशुपालनाला वाहिलेला असून तो संवादरूपाने लिहिलेला आहे. त्यात डुकरांविषयी बोलणारे पात्र आहे ट्रेमेलियस स्क्रोफा. हा काल्पनिक इसम नव्हे, तर मोठा जमीनदार व नामांकित शेतीतज्ज्ञ होता. लॅटिन भाषेत ‘स्क्रोफा’ ह्या शब्दाचा अर्थच मुळी विणारी डुकरीण! आपल्या आडनावाची कथाही तो त्या संवादात सांगतो : त्याच्या आजाने रणांगणावर, डुकरीण पिले उधळते तसा मी शत्रू उधळून लावीन, अशी प्रतिज्ञा करून ती खरी केली, म्हणून हे नाव पडले. धंद्यावरून वा जनावरावरून पडलेल्या नावाची लाज बाळगणाऱ्या आपल्या तरुणांनी ह्या रोमन सरदाराची आठवण ठेवावी, एवढेच येथे सुचवितो.

असो. ह्या स्क्रोफाच्या मुखाने व्हॅरो सांगतो की, मादी एक वर्षाच्या आत फळवूच नये. किंबहुना ती वीस महिन्यांची होईपर्यंत थांबणे अधिक चांगले, म्हणजे ती दोन वर्षांची होऊन विईल. तेथून पुढे सातव्या वर्षापर्यंत ती चांगली वेते देते. नर दाखविण्याचा काळ म्हणून त्याने फेब्रुवारीच्या आरंभापासून वसंतसंपातापर्यंतचा, म्हणजे मार्चच्या उत्तरार्धापर्यंतचा काळ ठरविला आहे. असे केल्याने वीण उन्हाळ्यात येते व त्या वेळी रानात चारा भरपूर असतो.

हे वीस महिने कोठून आले, ह्याचा विचार करता आम्हांस एक गोष्ट लक्षात येते. जून महिन्यात जन्मलेली मादी पहिल्या फेब्रुवारीत बरोबर आठ महिन्यांची होते. अ‍ॅरिस्टॉटलने सांगितलेले जुगण्याचे वय ते हेच. रोमन शेतकऱ्याने ह्याच वेळी तिला नर दाखविला असता तर ती वर्षाची होताच व्याली असती. परंतु तो ही पहिली संधी सोडून देतो. पुढचा फेब्रुवारी येईतो ती वीस महिन्यांची होते, आणि जूनमध्ये, पूर्ण दोन वर्षांची होऊन, विते. तात्पर्य, वीस महिने हा आकडा कोणी हवेतून काढलेला नसून, एक संपूर्ण ऋतुचक्र वाट पाहण्याचा तो निर्णय आहे, असा आमचा तर्क आहे.

इतकी वाट का पाहावी लागे? ह्याचेही उत्तर त्याच ग्रंथात सापडते. अंगावर पाजणाऱ्या डुकरिणीला दोन रोमन पौंड सातू पाण्यात भिजवून द्यावेत, आणि दुसरे काही घालावयास नसेल तर काही लोक सकाळ-संध्याकाळ मिळून हे प्रमाण दुप्पट करतात, असे तेथे सांगितले आहे. रोमन पौंड आपल्या सुमारे सव्वातीनशे ग्रॅमचा. म्हणजे रोजचे धान्य साडेसहाशे ग्रॅम, फार तर एक किलो तीनशे ग्रॅम! आजच्या सुधारित जातीच्या पाजत्या मादीला रोज पाच-सहा किलो खुराक लागतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळची मादी मुख्यतः रानातील ओकच्या फळांवर, मुळांवर व गवतावर जगत असे, हे उघड होते. असे तुटपुंजे व ऋतुमानावर अवलंबून असलेले खाद्य खाऊन तिचे अंग आठ महिन्यांत भरणे शक्यच नव्हते. म्हणून शहाणा शेतकरी थांबे.

व्हॅरोने आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे. मादीची वीण कशी आहे हे तिच्या पहिल्या वेतावरूनच ओळखावे, कारण पुढील वेतांत संख्येचा फारसा फरक पडत नाही. आणि सड जितके तितकी पिले असावीत, हे उत्तम. पहिल्या वेताला त्याने दिलेले हे महत्त्व लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पहिल्या शतकातील दुसरा रोमन लेखक कोलुमेल्ला ह्याच्या वेळी मात्र आकडा खाली आलेला दिसतो. वर्षाची मादी फळविण्यास हरकत नाही, असे तो म्हणतो. त्याचबरोबर, शहराजवळ राहणाऱ्याने दुधावरचीच पिले विकून टाकावीत, म्हणजे आईचा पाजण्याचा त्रास वाचून ती वर्षातून दोनदा विईल, असा हिशेबही तो मांडतो. रोमसारखी मोठी बाजारपेठ हाताशी असली म्हणजे वयाची व वेतांची गणिते कशी बदलतात, हे ह्यावरून कळून येते.

चीनची लवकर वयात येणारी मादी

पाश्चात्यांकडे हे चालले असता पूर्वेकडे चीनमध्ये निराळीच परंपरा वाढत होती. सहाव्या शतकात ज्या स्सुश्ये नावाच्या अधिकाऱ्याने शेतीवर जो विस्तृत ग्रंथ लिहिला, त्यात विणीची मादी कशी निवडावी, माय-लेकी एका खुराड्यात का ठेवू नयेत, हिवाळ्यात जन्मलेल्या पिलांना ऊब कशी द्यावी, हे सारे बारकाईने सांगितले आहे. मादीचे तोंड आखूड असावे व अंगावर मऊ लव नसावी, असा त्याचा दंडक होता. चिनी शेतकऱ्याचे डूक रानात चरत नसे; ते घराशेजारच्या खुराड्यात राही व घरातील कोंडा, भाज्यांचे देठ, पाणवनस्पती ह्यांवर बारा महिने पोसले जाई. खाद्य हलके, परंतु त्यात खंड नाही, अशा रीतीच्या संगोपनात शेकडो वर्षांच्या निवडीने तेथे अशा जाती निर्माण झाल्या की, त्यांच्या माद्या सुमारे तीन महिन्यांतच वयात येतात. यांगत्से नदीच्या मुखाकडील मेइशान ही जात त्यांतील प्रसिद्ध होय. तिच्या वेतात पंधरा-सोळा पिले असणे ही नवलाची गोष्ट नाही, आणि १९७९ साली फ्रान्सने ह्या जातीची डुकरे अभ्यासासाठी मुद्दाम मागवून नेली.

परंतु मेइशान मादी तीन महिन्यांची वयात येते म्हणून कोणतीही मादी तीन महिन्यांत फळवावी, असे कोणी म्हणेल तर तो अनर्थ होईल. रक्त निराळे, आहार निराळा, म्हणून आकडाही निराळा.

इंग्लंडातील विणकर आणि प्रदर्शनातील मेद

अठराव्या शतकात ही पौर्वात्य डुकरे व्यापारी गलबतांतून इंग्लंडात पोहोचली व तेथील गावठी डुकरांशी त्यांचा संकर झाला. त्याचे एक उदाहरण गिल्बर्ट व्हाइट ह्या निसर्गप्रेमी धर्मगुरूने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. त्याच्या सेलबोर्न गावातील एका शेजाऱ्याकडे अर्धवट ‘बँटम’ रक्ताची, पोट जमिनीला टेकलेली अशी एक डुकरीण होती. ती सतराव्या वर्षापर्यंत जगली. सुमारे दहा वर्षे तिने वर्षाला दोन वेते दिली. दर वेताला दहाच्या आसपास पिले. एकदा तर वीसाहून अधिक झाली, पण सडांची संख्या जवळजवळ निम्मी असल्याने त्यांतील बरीच दगावली. एकूण तीनशे पिलांची ती माता झाली, असा अंदाज व्हाइटने दिला आहे. एका सामान्य गावकऱ्याच्या दारची ही गोष्ट! नीट सांभाळलेली एकच मादी एका घराला किती वर्षे आधार देऊ शकते, ह्याची अशी दुसरी नोंद क्वचितच सापडेल.

पुढे १८५१ साली विंडसर येथे भरलेल्या राष्ट्रीय कृषिप्रदर्शनात यॉर्कशायर परगण्यातील कीथली गावच्या जोसेफ ट्यूली ह्या विणकराने आपली मोठी पांढरी डुकरे मांडली व पाहणारे चकित झाले. आज जगभर पसरलेल्या ‘लार्ज व्हाइट यॉर्कशायर’ जातीचा उदय ह्या घटनेपासून मानतात. ही जात कोणा सरदाराने वा विद्यापीठाने निर्माण केली नाही. मागावर बसून पोट भरणाऱ्या व परसात दोनचार डुकरे पाळणाऱ्या श्रमिकांनी केली, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

त्याच प्रदर्शनांनी एक अनिष्ट प्रथाही पाडली. बक्षिसाच्या लोभाने माद्यांना इतके खाऊ घालण्यात येई की, डोळे मेदात बुडून जात व जनावराला चार पावले चालणेही कठीण होई. लठ्ठ मादी नीट फळत नाही, फळली तर पिले थोडी, आणि व्याल्यावर दूध कमी, हे अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवलेलेच होते. अशा मेदासाठीच नावाजलेली ‘स्मॉल व्हाइट’ ही लहान पांढरी जात विसाव्या शतकाच्या आरंभी नामशेष झाली. दारिद्र्याने होते ते नुकसान उपासमारीचे. हौसेने होते ते नुकसान अतिभोजनाचे. दोन्हींचा शेवट रिकाम्या खुराड्यात.

डेन्मार्कचे ताक आणि टेक्सासची आंधळी पिले

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या धंद्याला शास्त्राचे व सहकाराचे पाठबळ मिळाले. डेन्मार्कमध्ये १८८२ साली पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली व १८८७ साली हॉर्सेन्स येथे डुकराच्या मांसाचा पहिला सहकारी कारखाना निघाला. लोणी काढून उरलेले दूध दुग्धशाळेतून शेतकऱ्याच्या घरी परत येई व ते तो डुकरांना पाजी. अशा रीतीने त्या लहान देशातील लहान शेतकऱ्याला बारा महिने खात्रीचे, अंग भरणारे, प्रथिनयुक्त खाद्य मिळू लागले. जेथे खाद्याची खात्री आली तेथे जनावराची वाढ लवकर होऊ लागली, आणि पहिल्या वेताचे वय हळूहळू खाली आणणे शक्य झाले.

मात्र केवळ पोट भरले म्हणजे आहार झाला नव्हे, ही गोष्ट १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणाने जगाला पटवून दिली. अमेरिकेतील टेक्सास संस्थानाच्या कृषिसंशोधन केंद्रात फ्रेड हेल ह्या शास्त्रज्ञाने एका तरुण मादीला ‘अ’ जीवनसत्त्व नसलेला आहार दिला. ती व्याली तेव्हा अकरा पिले झाली. परंतु एकालाही डोळ्यांची बुबुळे नव्हती. हा आनुवंशिक दोष नसून आईच्या आहारातील उणिवेचा परिणाम होय, हे पुढील प्रयोगांनी सिद्ध झाले, कारण योग्य आहार मिळताच अशाच वंशातील पिले निर्दोष निपजली. हिरवा पाला, लसूणघास, पिवळा मका, गाजर, भोपळा ह्यांतून हे जीवनसत्त्व जनावराला मिळते. आपल्याकडे ज्याला आपण ‘फुकटचा पाला’ म्हणतो तो मादीच्या पोटातील पिलांचे डोळे घडवितो, हे आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावे. कारण खुराड्यातील खाणे घालण्याचे काम बहुधा त्यांच्याच हाती असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणखी काही गोष्टी निश्चित झाल्या. १९७० साली इंग्लंडात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून असे दिसले की, वयात येऊ घातलेल्या मादीला प्रौढ नराचा रोज सहवास घडविल्यास ती लवकर माजावर येते. तिच्याबरोबरच वाढलेल्या कोवळ्या नराचा तसा उपयोग होत नाही. नर दहा महिन्यांहून मोठा असावा लागतो.

आपल्या देशात

आपल्या देशात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे १९५६ ते १९६१ ह्या वर्षांत, वराहविकासाचे काम सरकारी रीतीने सुरू झाले. त्या कार्यक्रमातून अलीगढ, हरिणघाटा, गन्नवरम आणि मुंबईनजीक बोरिवली येथे पैदास केंद्रे व मांसप्रक्रियेचे कारखाने उभे राहिले, आणि यॉर्कशायरसारख्या परदेशी जातींचे नर देशी माद्यांना दाखविण्यात येऊ लागले. १९७०–७१ मध्ये अखिल भारतीय संशोधन प्रकल्प सुरू झाला व २००२ मध्ये गुवाहाटी येथे राष्ट्रीय डुक्कर संशोधन केंद्र स्थापन झाले. देशी जातींचीही दखल घेतली गेली असून गोमंतकातील ‘आगोंद गोवन’ ही जात आज राष्ट्रीय नोंदवहीत नोंदलेली आहे.

तरीही २०१९ च्या पशुगणनेत देशातील डुकरांची संख्या सुमारे ९० लाख ६० हजार, म्हणजे आधीच्या गणनेपेक्षा १२ टक्क्यांनी कमी, भरली. ह्याची कारणे अनेक असतील. परंतु वस्त्यांतून जे दिसते त्यातील एक कारण आमच्या विषयाशी थेट निगडित आहे. आपल्याकडील पुष्कळ माद्या मोकळ्या सोडलेल्या असतात. मोकळ्या मादीचे फळण्याचे वय मालक ठरवीत नाही. गल्लीतील पहिला भेटेल तो नर ठरवितो. पुष्कळदा तो तिचा भाऊ वा बापही असतो. ती पहिल्याच माजाला, अंग भरण्यापूर्वी, गाभण राहते. तिला स्वतः वाढावयाचे असते आणि पोटातील पिलांनाही वाढवावयाचे असते. खाणे मात्र एकाच्याच पुरते, तेही उकिरड्यावरचे. मग वेतात पिले चार-पाच, त्यांतील दोन दगावतात. आईला दूध नसते. पाजून पाजून ती हाडाला लागते, आणि पिले तुटल्यावर महिना-महिना माजावर येत नाही. मालक म्हणतो, ‘ही वांझ निघाली,’ व मातीमोलाने विकून टाकतो. वास्तविक ती वांझ नसते. तिचे पहिले वेत घाईने घेतलेले असते, एवढेच.

ह्याच्या उलट, कोणी परदेशी जातीची मादी कर्ज काढून आणतो, विक्रेत्याने सांगितलेला ‘आठ महिने’ हा आकडा पाठ करतो, परंतु त्या आकड्यामागचा खुराक विसरतो. अशा घरात आठ महिन्यांची मादी अंगाने पाच महिन्यांची असते.

येथेच आमच्या सर्व विवेचनाचे सार आहे. रोममध्ये वीस महिने, मग बारा महिने, आज आठ महिने, असा हा आकडा दोन हजार वर्षांत खाली आला, तो जातीची निवड व खाद्याची खात्री ह्या दोन पायऱ्यांवरून उतरत आला. वयाचा आकडा दुसऱ्याकडून उसना घेता येतो. खुराक उसना घेता येत नाही. ज्याच्या घरी व्हॅरोचे खाद्य आहे, त्याने डेन्मार्कचे वय धरू नये.

आज काय करावे

आजच्या अनुभवी पशुवैद्यांच्या सल्ल्यातून जे सर्वमान्य आहे ते थोडक्यात देतो. सुधारित व संकरित माद्या साधारणतः सहा-सात महिन्यांत प्रथम माजावर येतात. हा पहिला माज सोडून द्यावा. माज दर २१ दिवसांच्या आसपास फिरून येतो. दुसऱ्या वा तिसऱ्या माजाला स्त्रीबीजे अधिक सुटतात व पिलांची संख्या वाढते. वय आठ ते दहा महिने आणि वजन शंभर किलोच्या आसपास झालेले असावे. देशी जात लहान चणीची असल्याने तिला वजनाचा हा आकडा लावू नये. तिचा अंगबांधा भरला की नाही ते पाहावे.

माज ओळखण्याची खूण जुनीच आहे : मादी अस्वस्थ होते, निरण सुजून लाल होते, आणि कमरेवर हाताने दाबले असता ती हालत नाही. ह्या स्थिर माजाच्या काळात बारा ते चोवीस तासांच्या अंतराने दोनदा नर दाखवावा. नर तिच्या रक्ताचा नसावा.

खाण्याचा क्रम असा. वाढीच्या काळात रोज दोन ते अडीच किलो समतोल मिश्रण : मका किंवा ज्वारी, कोंडा, पेंड, क्षारमिश्रण, सोबत हिरवा पाला व भरपूर स्वच्छ पाणी. ती लठ्ठ होऊ देऊ नये. कण्यावर हात फिरविला असता हाड डोळ्यांना दिसू नये, पण दाबल्यावर हाताला लागावे. नर दाखविण्यापूर्वी दहा ते चौदा दिवस खुराक वाढवावा. ह्यामुळे स्त्रीबीजे अधिक सुटतात. फळल्यावर मात्र हा वाढीव खुराक ताबडतोब दोन किलोंवर आणावा, कारण आरंभीच्या आठवड्यांत अतिखाण्याने गर्भ दगावतात. ‘गाभण आहे, खाऊ दे’ ही माया ह्या वेळी घातक ठरते. शेवटच्या महिन्यात पिलांची खरी वाढ होते. तेव्हा पुन्हा अडीच-तीन किलो द्यावे. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस हा गाभणकाळाचा हिशेब सर्वत्र मान्य आहे. काटेकोर सांगावयाचे तर सुमारे ११४ दिवस. व्याल्यावर खुराक हळूहळू वाढवीत न्यावा : आईचे दोन किलो, आणि दर पिलामागे पाव किलो. दहा पिले असतील तर साडेचार किलो झाले. येथे जो काटकसर करतो, तो दुसरे वेत गमावतो.

तीन पथ्ये अवश्य पाळावीत. बुरशी आलेला मका वा पेंड विणीच्या मादीस कधी घालू नये. त्या बुरशीच्या विषाने खोटा माज येतो व वीण बिघडते. खाणावळीतील उरलेले अन्न चांगले उकळल्याशिवाय देऊ नये. २०२० साली आसाम व अरुणाचलात प्रथम आढळलेला आफ्रिकन डुक्करज्वर अशा अन्नातूनही पसरतो व त्यावर औषध नाही. आणि नवजात पिलांना पहिल्या काही तासांत चीक मिळेल व पहिल्या आठवड्यात लोहाचे टोचण होईल अशी व्यवस्था करावी. आईच्या दुधात लोह फार थोडे असते व आईला कितीही खाऊ घातले तरी ते वाढत नाही.

फार थांबणेही परवडत नाही, हे सांगितले पाहिजे. अंग भरल्यावर फुकट गेलेला एक माज म्हणजे २१ दिवसांचा खुराक. रोज सव्वादोन किलो धरले तरी ४७ किलो धान्य. शिवाय थांबलेली मादी मेद धरते. म्हणून घाई नको, तशी दिरंगाईही नको.

समारोप

ज्ञातिबांधवहो, ह्या सर्व इतिहासात एक गोष्ट पुनःपुन्हा दिसून येते. व्हॅरो असो, चीनचा अधिकारी असो, सेलबोर्नचा धर्मगुरू असो, ज्याने लिहून ठेवले त्याचेच ज्ञान टिकले. आपल्या आजोबा-पणजोबांना ह्या विषयाचे ज्ञान कमी नव्हते. ते लिहिले गेले नाही, म्हणून त्यांच्याबरोबर गेले. तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. ज्या घरी हा व्यवसाय आहे तेथे शाळेत जाणाऱ्या मुलाने वा मुलीने एक साधी वही घालावी. मादीचा जन्म केव्हाचा, पहिला माज केव्हा, नर कोणाचा व केव्हा दाखविला, वीण केव्हा, पिले किती झाली व किती जगली, एवढ्या सहा नोंदी पुरेत. अशा पन्नास वह्या एकत्र झाल्या तर आपल्या वस्तीतील माद्यांना योग्य वय कोणते, हे आपणांस रोमला वा डेन्मार्कला विचारण्याची गरज उरणार नाही.

धंदा हलका किंवा उंच नसतो. तो अज्ञानाने केला तर हलका होतो व ज्ञानाने केला तर घर उभे करतो. तरुण मादीला एक माज थांबण्याची सवलत आणि वेळेवर मूठभर अधिक धान्य, ह्या दोन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. तेवढ्या तरी ह्या वर्षी प्रत्येक कुटुंबाने कराव्यात, अशी आमची कळकळीची विनंती आहे.